कार्डिनलचा 'जांभळा' लाल का असतो?

२०२५ च्या मे महिन्यात नव्या पोपची निवड चालली होती, तेव्हा व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलकडे निघालेली १३३ कार्डिनलांची, म्हणजे पोप निवडणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंची, रांग पुण्यातही अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. टोपीपासून खांद्यावरच्या छोट्या झुलीपर्यंत सगळं लाल. आता या मंडळींना इटालियन भाषेत काय म्हणतात? 'पोर्पोराती'. म्हणजे पोर्पोरा ल्यालेले. हा पोर्पोरा म्हणजेच इंग्रजीतला पर्पल, ज्याला आपण बिनदिक्कत 'जांभळा' म्हणून मोकळे होतो तो. इंग्रजीतही एखाद्याला कार्डिनल केलं की त्याला पर्पल मिळाला, असं म्हणायची जुनी पद्धत आहे. रांगेत मात्र जांभळं काही दिसत नाही.

गोंधळ इथेच संपत नाही. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आधीपर्यंत, क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, गेलात तर फादरच्या अंगावर खराखुरा जांभळा झगा दिसेल. तिथे बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, आले तर त्यांची छोटी गोल टोपी आणि कमरेचा रुंद पट्टा यांनाही सगळे जांभळंच म्हणतील. पण दोन्ही शेजारी धरून पाहा, बिशपांचा रंग बराच लालसर, राणी कलरकडे झुकलेला निघेल. म्हणजे रंग तीन, प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि बोलताना शब्द एकच. हे असं का झालं, ते शोधायला चर्चमधून बाहेर पडून थेट भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर जावं लागतं.

गोगलगायीचा रंग

पर्पल हा शब्द मुळात रंगाचं नाव नव्हता. ग्रीक 'पोर्फिरा' आणि त्यावरून आलेला लॅटिन 'पुर्पुरा' ही एका समुद्री गोगलगायीची आणि तिच्यापासून निघणाऱ्या रंगद्रव्याची नावं. आजच्या लेबनॉनमधलं टायर हे बंदर (मराठी बायबलात ते 'सोर' या नावाने येतं) या धंद्यासाठी प्रसिद्ध होतं. म्युरेक्स जातीच्या या गोगलगायीच्या शरीरात एक बारीकशी ग्रंथी असते. तिच्यातला द्रव सुरुवातीला जवळजवळ रंगहीन असतो. हवा आणि उजेड लागला की तो पिवळा, हिरवा, निळा असे रंग बदलत शेवटी जांभळट लाल होतो. गोगलगायी आंबवून रंग काढत, त्यामुळे वास इतका भयंकर येई की टायर राहायला नकोसं शहर आहे अशी तक्रार प्राचीन लेखकांनी करून ठेवली आहे.

हा रंग महाग का होता, हे एका प्रयोगावरून कळतं. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायी फोडून शुद्ध रंगद्रव्य वेगळं केलं. हाती आलं १.४ ग्रॅम. तपासल्यावर कळलं की त्याचा रेणू म्हणजे आपल्या निळीचाच रेणू, फक्त त्याला ब्रोमिनचे दोन अणू जास्तीचे चिकटलेले. शेतात पिकणारी नीळ आणि समुद्रातला हा राजरंग रसायनशास्त्राच्या दृष्टीने इतके जवळचे निघाले.

रोमन सम्राट डायोक्लेशियनने ३०१ साली महागाई रोखण्यासाठी वस्तूंचे कमाल दर ठरवून दिले. त्या यादीत पुर्पुराने रंगवलेल्या एक पौंड रेशमाचा भाव दीड लाख दिनार आहे. त्याच यादीत सोनं पौंडाला ७२,००० दिनार. सोन्याच्या दुपटीहून महाग कापड कोण वापरणार? सम्राट, सिनेटर, बडे अधिकारी. पुढेपुढे तर सर्वात उंची पुर्पुरा इतरांनी वापरणं हा गुन्हाच ठरला. 'पुर्पुरा' म्हणजे सत्ता, हा अर्थ शब्दाला इथे चिकटला आणि पुढे रंग बदलला तरी सुटला नाही.

मग तो दिसायचा कसा? रोमन लेखक प्लिनीने उत्तम टायरी पुर्पुराचं वर्णन केलं आहे: साकळलेल्या रक्ताच्या रंगाचा, समोरून काळपट, पण उजेडात तिरका धरला की झळाळणारा. जांभळाच्या फळाशी याचा फारसा संबंध नाही. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात ते कापड उलगडलं असतं तर काउंटरवरच्या माणसाने ते बहुधा 'आमसुली'च्या गठ्ठ्यात टाकलं असतं. वेगवेगळ्या गोगलगायींचे रस मिसळून, कापड एकदा की दोनदा बुडवायचं ते ठरवून निळसर ते लालभडक अशा कितीतरी छटा काढत, आणि त्या सगळ्यांना पुर्पुराच म्हणत. शब्द छटेचा नव्हता, मालाचा होता.

एक झगा, दोन रंग

बायबल वाचणाऱ्यांना इथे एक जुनं कोडं आठवेल. येशूला क्रुसावर देण्याआधी रोमन शिपायांनी त्याची थट्टा केली, काट्यांचा मुकुट घातला, राजासारखा झगा चढवला. ही हकिकत बायबलात वेगवेगळ्या लेखकांनी सांगितली आहे. त्यांतला मार्क म्हणतो तो झगा जांभळा होता. मत्तय म्हणतो तो किरमिजी होता. मराठी बायबलातही हा फरक जसाच्या तसा आहे. झगा तर एकच.

मूळ ग्रीकमध्ये मार्क 'पोर्फिरा' लिहितो, म्हणजे राजाचं वस्त्र. मत्तय लिहितो ते 'कोक्किनी', आणि ज्या कपड्याचं नाव तो देतो तो शिपायांचा साधा अंगरखा. मला मत्तयाचं वर्णन डोळ्यांसमोरच्या वस्तूचं वाटतं. पहाऱ्यावरच्या शिपायांकडे लाल लोकरी अंगरखा सहज असणार, सोन्याहून महाग पुर्पुरा कुठून येणार? मार्क मात्र त्या थट्टेचा अर्थ सांगतो आहे: 'याला राजा केला'. आणि जुना पुर्पुरा स्वतःच लालाकडे झुकलेला असल्यामुळे त्या काळच्या वाचकाला यात आज वाटतो तेवढा विरोध वाटलाही नसेल.

कोक्किनी हा शब्द 'कोक्कोस'वरून आला, म्हणजे दाणा किंवा बोर. हा दाणा म्हणजे खरं तर किडा. भूमध्य समुद्राच्या आसपास एक काटेरी पानांचं ओकचं झुडूप होतं, त्याच्या फांद्यांना हा खवलेकीटक चिकटून बसतो. मादी अंड्यांनी भरली की वाटाण्यासारखी गोल होते, हलत नाही, त्यामुळे ग्रीकांना ती फळ वाटली. इतरांनी मात्र किड्याला किडाच म्हटलं. हिब्रूत या रंगाच्या नावातच अळी आहे. लॅटिनमध्ये छोटा किडा म्हणजे 'वेर्मिक्युलस', त्यावरून पुढे व्हर्मिलियन झाला. फारसीत 'किर्म', म्हणजेच आपला कृमी. त्या घराण्यातून अरबी 'किर्मिझ', तिथून स्पॅनिश, फ्रेंच करत इंग्रजीतले क्रिमझन आणि कार्माइन. आणि आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेला किरमिजी. साडीला किरमिजी काठ आहेत म्हणताना आपण 'किड्यापासून केलेले काठ' असंच म्हणत असतो.

भारतात याचा भाऊबंद आधीपासून होताच: लाखेचा किडा. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर वाढणारा. त्यापासून लाख निघते आणि लाल रंगही. पायाला लावायचा अळता मूळचा याच रंगाचा. मराठी बायबलात यशयाच्या पुस्तकात पातकांना एकदा लाखेसारखी लाल आणि लगेच किरमिजासारखी तांबडी म्हटलं आहे. भाषांतरकारांनी दोन्ही किडे एका वाक्यात आणून ठेवले.

याच रंगाशी आणखी एक शब्द जोडलेला आहे, स्कार्लेट. आज तो लालाच्या एका छटेचं नाव आहे, पण मध्ययुगीन युरोपात स्कार्लेट हे एका अतिशय उंची लोकरी कापडाचं नाव होतं. पांढरं स्कार्लेट असायचं, निळंही असायचं. पण एवढं महाग कापड घेणारा गिऱ्हाईक रंगही सर्वात महागडाच मागणार, म्हणजे किरमिजाचा. होता होता कापडाचं नाव रंगाला चिकटलं. जुन्या मराठीत 'सकलाद' नावाचं भारी लोकरी कापड भेटतं ना, तो शब्द याच कुळातला.

पोपने रंग बदलला, नाव नाही

आता चर्चकडे परत येऊ. कार्डिनलांना लाल रंग पहिल्यांदा मिळाला तो टोपीपुरता. १२४५ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन इथे भरलेल्या धर्मसभेच्या वेळी पोप चौथे इनोसंट यांनी त्यांना रुंद कडांची, गोंडे लावलेली लाल टोपी दिली. सांगितलेला अर्थ असा की श्रद्धेसाठी रक्त सांडायची तयारी हवी. ती टोपी शेकडो वर्षं चालली आणि १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी बंद केली; कार्डिनलांच्या चिन्हावर मात्र ती अजून काढतात.

खरा बदल झाला पंधराव्या शतकात. गोगलगायीच्या रंगाची शेवटची मोठी गिऱ्हाइकी कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, दरबाराची होती. १४५३ मध्ये ते शहर ऑटोमन तुर्कांनी जिंकलं, आणि आधीच आटत चाललेला हा धंदा संपला. पुर्पुरा मिळेना. मग १४६४ मध्ये पोप दुसरे पॉल यांनी कार्डिनलांची वस्त्रं किरमिजाच्या किड्याने रंगवायची व्यवस्था लावली. सोय मोठी होती. किरमिज मिळत होता, आणि त्याला रेशमावर पक्का बसवायला लागणारी तुरटी पोपच्याच मुलखात, टोल्फाच्या डोंगरात, नुकतीच सापडली होती. तुरटीचा व्यापार हा त्या काळी पोपच्या तिजोरीचा मोठा आधार होता. धर्माच्या इतिहासात तुरटीला इतकं महत्त्व दुसरीकडे कुठे मिळालं असेल असं वाटत नाही.

झगा झाला लाल. पण त्याला म्हणायचं काय? पुर्पुरा. कारण तो शब्द आता रंगाचा राहिलाच नव्हता. तो दर्जाचा होता. कार्डिनल हे 'चर्चचे राजपुत्र', आणि राजवस्त्राचं नाव पुर्पुरा. नाव तसंच राहिलं, त्याच्या आतला रंग बदलला. म्हणून आज इटालियन माणूस समोर लाल झगा पाहून 'पोर्पोरा' म्हणतो आणि त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

किरमिजाची सद्दीही फार टिकली नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांना मेक्सिकोत निवडुंगावर वाढणारा कोचिनील हा किडा मिळाला. त्यात रंग कितीतरी जास्त निघायचा, त्यामुळे युरोपचा बाजार तिकडे वळला. तो किडा आपल्याकडेही आणायची खटपट ईस्ट इंडिया कंपनीने १७९५ च्या सुमारास केली. आला तो चुकीच्या जातीचा. रंग धड देईना, उलट निवडुंगच फस्त करत सुटला. खरा कोचिनील अजून वापरात आहे, खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तो 'ई १२०' या नावाने येतो. शाकाहारी मंडळींनी परदेशी मिठाई घेताना तेवढं पाहावं.

मग फादरचा जांभळा कुठला?

तो पुर्पुराचा वंशज नाहीच. त्याचं लॅटिन नाव वेगळं आहे, व्हायोलेटच्या फुलावरून आलेलं. त्याचा संबंध दर्जाशी नसून दिवसाशी आहे. आपल्याकडे नवरात्रात रोजचा रंग ठरलेला असतो आणि त्या दिवशी अख्खं ऑफिस त्या रंगात येतं, तसं चर्चमध्ये फादरच्या झग्याचं वर्षभर चालतं. फरक एवढाच की नवरात्राचे रंग वारावरून ठरतात आणि चर्चचे रंग काळाच्या अर्थावरून.

नाताळ आणि ईस्टरला पांढरा. पवित्र आत्म्याचा सण, हुतात्म्यांचे दिवस, झावळ्यांचा रविवार आणि गुड फ्रायडे यांना लाल. वर्षातले बहुतेक साधे रविवार हिरव्याचे. आणि नाताळच्या आधीचा आगमनकाळ व ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ जांभळ्याचा, कारण ते पश्चात्तापाचे आणि वाट पाहण्याचे दिवस. बाराव्या शतकाच्या अखेरीस, पुढे पोप तिसरे इनोसंट झालेल्या धर्मगुरूने रोममधली रीत लिहून ठेवली तेव्हा मुख्य रंग चारच होते: पांढरा, लाल, हिरवा, काळा. जांभळा हा काळ्याच्या पोटातला, थोडा सौम्य पर्याय मानला जाई. १५७० च्या मिस्साग्रंथाने पाच रंगांची व्यवस्था सगळीकडे लागू केली आणि जांभळ्याला स्वतःची जागा मिळाली. एकाच इंग्रजी शब्दाखाली वावरणारे हे दोन रंग अर्थाने असे विरुद्ध टोकांचे आहेत. पुर्पुरा सत्तेचा, जांभळा अनुतापाचा.

पांढऱ्याबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे अंत्यविधीला पांढरे कपडे शोकाचे म्हणून घालतात. ख्रिस्ती मित्राच्या घरच्या अंत्यविधीला फादर पांढऱ्या झग्यात दिसले तर आपल्याला ते ओळखीचं वाटतं, पण त्यांचा पांढरा पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा असतो. रंग तोच, आशय उलटा. भारतापुरती आणखी मोकळीक १९६९ मध्ये मिळाली. रोमने इथल्या चर्चला आरती, समई, पादत्राणं काढून विधी करणं अशा बाबींना संमती दिली, त्यात झग्याऐवजी साधं अंगवस्त्र वापरण्याचीही मुभा होती. त्यामुळे काही ठिकाणी भगवा शेलाही दिसतो. हे सगळं प्रामुख्याने कॅथलिकांचं. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च, १८९० च्या चहा प्रकरणामुळे जे प्रत्येक पुणेकराला ऐकून तरी माहीत असतं, ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतलं. त्या परंपरेतही ऋतूंचे रंग साधारण हेच, पण तिथे पोप नाही, म्हणून लाल कार्डिनलही नाहीत.

दोन रंगांची सरमिसळ अलीकडे वाढली, त्याचं श्रेय एका अठरा वर्षांच्या मुलाला द्यावं लागेल. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन हिवतापावरचं क्विनीन कृत्रिम रीतीने बनवायला गेला आणि भांड्यात तयार झाला जांभळा रंग, मॉव्ह. कोळशाच्या डांबरातून निघणारा, स्वस्त, कोणालाही परवडणारा. काही वर्षांतच युरोपभर जांभळे कपडे दिसायला लागले आणि पर्पल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हा नवा, निळसर रंग येऊ लागला. साकळलेल्या रक्ताचा पुर्पुरा पाहिलेलं कोणी उरलंच नव्हतं.

मराठीत आपण शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकतो. त्यातला शेवटचा 'जा' हा इंद्रधनुष्याच्या टोकाचा जांभळा, सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. इंग्रजीत तो व्हायोलेट. पर्पल इंद्रधनुष्यात सापडतच नाही. लाल आणि निळा प्रकाश एकदम डोळ्यांत शिरला की मेंदू तो रंग तयार करतो, त्याला स्वतःची एक तरंगलांबी नाही. मराठीत या दोघांना मिळून 'जांभळा' हा एकच शब्द चालतो, आणि कार्डिनलचा तर यातला कुठलाच नाही. बातमीत 'पर्पल'चं भाषांतर करणाऱ्याने तिथे सरळ 'कार्डिनलपद' लिहावं, रंगाच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत आहे.

उरले बिशप. त्यांच्या रंगाला चर्चच्या परिभाषेत अमरांथ म्हणतात, म्हणजे राजगिऱ्याच्या तुऱ्याचा रंग. भाजीच्या गाडीवर लाल राजगिरा पाहिला असेल तर ही छटा वेगळी समजावून सांगायला नको. एरवीचा झगा पांढरा किंवा काळा. काळ्या झग्याची किनार, गुंड्या आणि कमरेचा पट्टा यांवरून माणूस ओळखायचा. किनार शेंदराकडे झुकणारी लाल असेल तर कार्डिनल. पुण्यात असे पाहुणे क्वचितच; पुण्याचा धर्मप्रांत १८८६ पासूनचा, पण तो मुंबईच्या महाधर्मप्रांताच्या कक्षेत येतो आणि कार्डिनल झालेच तर बहुतेक तिथले आर्चबिशप होतात. सगळं पांढरं असेल आणि डोक्यावरची टोपीही पांढरी असेल तर ते पोप. तसे १९८६ च्या फेब्रुवारीत पोप दुसरे जॉन पॉल इथे येऊन गेले. पट्टा जांभळा दिसला म्हणून लगेच बिशप समजू नका, मोन्सिनॉर हा किताब मिळालेल्या ज्येष्ठ फादरांनाही जांभळा पट्टा असतो. गळ्यात क्रूस, बोटात अंगठी आणि डोक्यावर ती राजगिरी टोपी, हे तिन्ही असेल तर बिशप.